मास्तरकीला जन्माचा दाखला कशाला?

गेल्या एप्रिलात आमच्या माधवनगरच्या घरी एक छोटीशी बैठक जमली होती. गाण्याची नव्हे, गप्पांची. माझी भाची वर्षभराने घरी आली होती. ही मुलगी थायलंडातील एका शाळेत लहान मुलांना इंग्रजी शिकविते. तिकडील शाळांना मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत मोठी सुट्टी असते, त्या सुट्टीत ती आली होती. शेजारपाजारची चार मंडळी तिला भेटावयास आली. पोहे झाले, त्यावर शेव झाली, चहाचे दोन फेरे झाले, आणि मग ज्या प्रश्नाची मी वाट पाहत होतो तो प्रश्न आमच्या शेजारच्या निवृत्त तहसीलदारसाहेबांनी विचारला.

"मास्तर, मला एक गोष्ट उमगत नाही," ते म्हणाले. "इंग्रजी ही काय आपली भाषा? ती शिकवावी इंग्रजाने, फार तर अमेरिकनाने. आपली उज्जैनची मुलगी जाऊन ती थायलंडात शिकविते! मग उद्या एखादा थाई गृहस्थ येथे येऊन आपल्याला ख्याल शिकवील!"

सगळे हसले. भाचीही हसली. मीही हसलो, पण ते हसू घशातच राहिले. कारण तहसीलदारसाहेब जे विनोदाने बोलले तेच मी काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एका माणसाला अगदी गंभीरपणे सुनावले होते. ती हकिगत पुढे सांगेन. आधी भाचीची.

तिने येथेच विक्रम विद्यापीठाची पदवी घेतली, मग बी.एड. केले, आणि चार वर्षे एका खासगी शाळेत इंग्रजी शिकविले. आठव्या वर्षापासून ती माझ्याकडे गाणे शिकत होती. गाण्यात पोट भरेल एवढी तयारी नव्हती, पण कान उत्तम तयार झाला होता. बाहेरदेशी शिकवावयास जाण्याचे तिच्या मनाने घेतले तेव्हा तिच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, माझ्याकडे तक्रार आणली. "दादा, तूच तिला समजाव. लोक तिकडे शिकावयास जातात, ही शिकवावयास निघाली!" मी समजाविले नाही. परगावी जाऊन शिकविण्याचे वेड आमच्या धंद्याला नवे नाही, हे मला ठाऊक होते.

बँकॉकमधील एका शाळेने तिची टेलिफोनवर मुलाखत घेतली. अर्धा तास बोलणे झाले, शिकविण्याची पद्धत विचारली, आणि समोरची बाई प्रसन्न झाली. मग कागदपत्रे मागविली. पारपत्राची प्रत पोचताच दोन दिवसांनी उत्तर आले की जागा 'नेटिव्ह स्पीकर' साठी आहे. साहाय्यक म्हणून यावयाचे असल्यास दोनतृतीयांश पगार देता येईल. अर्धा तास जी भाषा ऐकून ती बाई प्रसन्न झाली होती ती भाषा दोन दिवसांत बदलली नव्हती. बदलली होती ती एवढीच माहिती की बोलणारीचे पारपत्र कोणत्या देशाचे आहे.

हा एका शाळेचा लहरीपणा म्हणून सोडून देता आले असते. परंतु पूर्वेकडील देशांत ही रीतच होऊन बसली आहे. थायलंडातील जाहिरातींत 'नेटिव्ह स्पीकर पाहिजे' हे शब्द सर्रास असतात, आणि जो तसा नाही त्याला त्याच कामाचा पगार कमी मिळतो. दक्षिण कोरियाने तर ही गोष्ट कायद्यातच घातली. तेथे परकी भाषा शिकविण्याचा जो परवाना मिळतो तो इंग्रजीच्या बाबतीत सात देशांच्या नागरिकांसाठी: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताचा आणि कोरियाचा व्यापारी करार १ जानेवारी २०१० पासून अंमलात आला, त्यात आपल्या पात्र शिक्षकांना दार उघडले, तेही शाळेत साहाय्यक म्हणून. व्यापारी करारात पोलाद, मोटारी आणि रसायने यांच्या जोडीला इंग्रजीचा मास्तरही जाऊन बसावा, याची मला प्रथम गंमत वाटली. मग वाटले, ठीकच आहे. जेथे मालाच्या पेटीवर तो कोठे तयार झाला याचा शिक्का पाहतात, तेथे मास्तरच्या अंगावरही तोच शिक्का पाहावयाचा, एवढाच त्याचा अर्थ.

या शिक्क्याला आमच्या गाण्याच्या धंद्यात जुने नाव आहे. आम्ही त्याला 'खानदानी' म्हणतो. माझे वडील ग्वाल्हेर दरबारी पखवाजी होते. दरबारच्या अगदी शेवटच्या भरतीतले. मिसरूड फुटण्याआधी नोकरी लागली, आणि दोन वर्षांत, २८ मे १९४८ रोजी, संस्थाने विलीन होऊन मध्यभारत अस्तित्वात आला. पुढे ते उज्जैनास येऊन राहिले आणि शिकवण्या करू लागले. माझा जन्म त्यांच्या पन्नाशीतला. मला दरबार ऐकूनच ठाऊक. तथापि मी शिकवण्या सुरू केल्या तेव्हा पहिल्याच महिन्यात सहा विद्यार्थी आले. त्यांच्यापैकी एकाच्याही पालकांनी मला वाजविताना किंवा गाताना ऐकले नव्हते. "दरबारी घराण्यातले आहेत," एवढे पुरे होते. त्याच सुमारास माझ्या एका मित्राने शिकवणी काढली. त्याचा हात माझ्याहून सरस आणि शिकविण्याची हातोटी तर कितीतरी सरस. पण त्याचे वडील पोस्टात होते. त्याला पहिल्या वर्षी दोन विद्यार्थी मिळाले. माझ्याजवळ पारपत्र होते, त्याच्याजवळ नव्हते. त्या वेळी मला यात काही वावगे दिसले नाही, कारण फायदा माझा होत होता.

आता भाचीच्या शाळेकडे वळू. बँकॉकचा नाद सोडून तिने दूरच्या प्रांतात अर्ज केले. तिला बोलावणे आले ते उबोन रात्चथानीहून. बँकॉकपासून सुमारे सहाशे किलोमीटर, देशाच्या ईशान्य कोपऱ्यात. त्या साऱ्या भागाला तेथील लोक 'ईसान' म्हणतात, म्हणजे आपला ईशानच. आणि 'उबोन' म्हणजे उत्पल, कमळ. गावाच्या नावात 'राजधानी' हा शब्द तर आपणही ओळखू. उज्जैन सोडून इतक्या लांब जाऊन मुलगी एका कमळाच्या राजधानीत उतरली, याचा तिच्या आजीला केवढा धीर आला!

वर्गात पन्नासच्या आसपास मुले. सकाळी आठ वाजता पटांगणात झेंडा चढतो, राष्ट्रगीत होते, मग तास सुरू. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आले की या मुलांचे कान आणि जिव्हा विशिष्ट वळणाची आहेत. थाई भाषेत शब्दाच्या शेवटी 'ल' टिकत नाही, त्याचा 'न' होतो. 'स' टिकत नाही, त्याचा 'त' होतो. म्हणून मुले 'फुटबॉल' ला 'फुतबॉन' म्हणत आणि 'बस' ला 'बत'. पुष्कळ परदेशी शिक्षक तेथे एकच उपाय करतात: शब्द मोठ्याने उच्चारावयाचा आणि मुलांनी तो पुन्हा उच्चारावा अशी अपेक्षा ठेवावयाची. दहा वेळा 'बस' ऐकून मुले दहा वेळा 'बत' म्हणतात. मास्तरला वाटते मुले मंद आहेत. मुलांना वाटते आपण तर तेच म्हणतो आहोत.

भाचीला मात्र यातली मेख ठाऊक होती, कारण ती स्वतः त्याच खड्ड्यात पडून वर आली होती. आपल्याकडे इंग्रजीतील दोन निरनिराळे वर्ण एका 'व' मध्ये कोंबले जातात. ते दोन आहेत हे तिला कॉलेजात गेल्यावर कळले, आणि वेगळे उच्चारता येण्यास पुढे वर्ष लागले. ओठ कोठे असतात, दात कोठे टेकतात, हे तिने आरशात पाहून शिकले होते. म्हणून तिने मुलांना 'बस' म्हणावयास लावलेच नाही. तिने त्यांना नुसता सापासारखा 'स्स्स' लांबवावयास शिकविले, टाळीवर, चार मात्रा. मग त्याच्या आधी 'ब' चिकटविला. हा आमच्याकडील तंबोऱ्यावर षड्ज लावण्याचा पाठ. तिला त्यात नवे काही वाटले नाही. शाळेला मात्र वाटले.

पण मला तिची सर्वांत आवडलेली गोष्ट निराळीच. थाई भाषा सुरांची भाषा आहे. तिच्यात पाच सूर आहेत आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. 'मा' हा एकच उच्चार मधल्या सपाट सुरात काढला तर 'ये'. वरच्या सुरात काढला तर 'घोडा'. आणि खालून वर चढत नेला तर 'कुत्रा'. पहिल्या दिवसांत हिने एका मुलीला प्रेमाने जवळ बोलाविले आणि सारा वर्ग खो खो हसू लागला. हिने त्या मुलीला 'कुत्रा' म्हटले होते. त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी हिच्याभोवती बसल्या आणि 'मा, मा, मा' असा पाठ घेऊ लागल्या. "मामा, मी डोळे मिटून ऐकले," भाची मला सांगत होती, "आणि एकदम लक्षात आले, अहो ही तर मींड! तुम्ही मला खालच्या सुरावरून वर खेचून नेताना रागवायचा ना, तीच." एका आठवड्यात तिचे 'ये', 'घोडा' आणि 'कुत्रा' जागेवर आले. त्या मुलींनी तिला पसंती दिली. आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे, त्या दिवसापासून मुलांनी तिच्यापाशी इंग्रजी चुकावयास भिणे सोडून दिले. आपल्या शिक्षिकेला आपण हसलो, ती रागावली नाही, शिकली. मग आपण चुकलो तर ती रागावणार नाही, हा त्यांचा हिशेब.

याहून महत्त्वाची गोष्ट आणखी एक आहे. ईसानमधील पुष्कळ मुले घरी जी बोली बोलतात ती लाओ भाषेच्या जवळची. शाळेत शिकावयाचे थाईत. इंग्रजी हा तिसरा डोंगर. तहसीलदारसाहेबांना मी विचारले, आपल्या माधवनगरातील मराठी पोराची गत याहून काय वेगळी आहे? घरात आई मराठी बोलते, गल्लीत पोरे हिंदी आणि माळवी बोलतात, शाळेत बाई इंग्रजी बोलतात. राणोजी शिंद्यांच्या मागोमाग आपली माणसे या गावी आली, दौलतरावांनी १८१० साली राजधानी ग्वाल्हेरला नेली तरी मागे राहिली, आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या आपण दुसऱ्याच्या भाषेत बाजार करीत आणि आपल्या भाषेत स्वयंपाक करीत जगत आलो. एका भाषेचा उंबरठा ओलांडून दुसरीत जाताना मुलाचा पाय कोठे अडखळतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. ज्याने जन्मभर एकच भाषा बोलली, त्याला तो उंबरठा दिसणार कसा? तो त्याच्या घरात नव्हताच.

आपल्या इतिहासात याचा पुरावा आहे. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, पुढल्या वर्षी आगरकर येऊन मिळाले. शाळेच्या नावात इंग्लिश, शिकवणे इंग्रजीचे, आणि शिकविणारे सारे देशी. त्यांतील एकाच्याही आईने त्यांना पाळण्यात इंग्रजी अंगाई म्हटली नव्हती. त्या शाळेची मुले इंग्रजीत मागे पडली असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या त्यांनीही ती मराठी माणसाच्याच हातून घेतली. शिकून मिळविलेली विद्या देताना माणूस ती कोठून मिळविली ती वाटही बरोबर देतो. जन्माने मिळालेली विद्या देताना त्याच्याजवळ वाट नसते, नुसते मुक्कामाचे ठिकाण असते.

आमच्या गाण्यात पलुसकरांचे उदाहरण तर यासाठीच घडले असे वाटते. विष्णु दिगंबर कुरुंदवाडचे, वडील कीर्तनकार. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, मग देश हिंडू लागले. मथुरेस त्यांनी मुक्काम केला तो ब्रजभाषा शिकण्यासाठी. कारण ज्या चिजा आपण गातो त्या ब्रजभाषेत आहेत आणि ती आपल्याला नीट येत नाही, हे त्यांनी ओळखले. आणि ५ मे १९०१ रोजी गांधर्व महाविद्यालय उघडले ते पुण्यात नव्हे, मुंबईत नव्हे, लाहोरास! मराठी ब्राह्मण पंजाबात जाऊन ब्रजभाषेतील गाणे शिकवितो. आमच्या तहसीलदारसाहेबांचा नियम लाविला तर यातले एकही पाऊल बरोबर ठरत नाही. भातखंडे तर वकील होते. वंशात गवई नाही. पण १९१८ साली माधवराव महाराजांनी ग्वाल्हेरास संगीत विद्यालय काढले तेव्हा शिक्षणक्रम त्यांचा घेतला, आणि घराण्यांत वाढलेल्या गवयांनी त्यांच्या पद्धतीचे धडे गिरविले. त्या वेळी कित्येकांना तो अपमान वाटला. आज त्याच पद्धतीवर आम्ही सारे पोट भरतो.

उलट दिशेचीही गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती आपल्या शेजारचीच आहे. येथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर देवास. थोरल्या पातीचे तरुण राजे तुकोजीराव पवार यांना शिकविण्यासाठी १९०७ साली माल्कम डार्लिंग नावाचा एक इंग्रज अधिकारी नेमला गेला. साहेब शिकवावयास आला आणि राजाचा जन्माचा मित्र होऊन बसला. त्याच्या ओळखीने ई. एम. फॉर्स्टर हा कादंबरीकार देवासला आला; पहिल्यांदा १९१२-१३ च्या हिंदुस्थान-प्रवासात, पुन्हा १९२१ साली महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून. हा फॉर्स्टरही पूर्वी परदेशी इंग्रजी शिकविणारा मास्तरच. १९०५ साली तो जर्मनीत पोमेरेनिया प्रांतात एका उमराव घराण्यातील मुलींचा शिक्षक होता. तेथे त्याला इंग्रज असणे पुरले. देवासला मात्र ते पुरले नाही. तेथे त्याला गोकुळाष्टमीच्या उत्सवात अनवाणी उभे राहावे लागले, दिवसचे दिवस चाललेले भजन ऐकावे लागले, आपल्याला काय काय कळत नाही याची नोंद ठेवावी लागली. ती पत्रे त्याने १९५३ साली देवीच्या टेकडीच्या नावाने पुस्तकरूपाने छापली. आणि १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या भारतावरील कादंबरीच्या शेवटच्या भागात देवासची ती गोकुळाष्टमी उतरली आहे आणि आपल्या तुकोबांचे नावही. इंग्रजी वाङ्मयाला तुकोबा मिळाले ते साहेब परगावी जाऊन राहिला आणि ऐकत बसला म्हणून.

तेव्हा माझा आक्षेप साहेबावर नाही. उबोनच्या त्याच शाळेत एक वयस्क इंग्रज गृहस्थ पुष्कळ वर्षे शिकवीत आहेत. ते थाई उत्तम बोलतात, मुलांच्या घरी जातात, आणि भाचीला वर्ग कसा सांभाळावा हे त्यांनीच शिकविले. माझा आक्षेप आहे तो दाखला पाहून मास्तर निवडण्यावर.

दुसरी बाजू मी विसरलो नाही. उच्चाराला काही किंमत नाही असे गाण्याचा मास्तर कोणत्या तोंडाने म्हणेल? बेसूर तंबोऱ्यावर रियाज केला तर कान बिघडतो, तसा अशुद्ध इंग्रजी ऐकून मुलाचा कान बिघडतो. आपल्याकडून तिकडे जाणाऱ्यांत असेही आहेत ज्यांना दोन वाक्ये धड जोडता येत नाहीत, आणि दलालाला पैसे भरून ते निघतात. त्यांना कोणी नाकारले तर मी त्या शाळेला दोष देणार नाही. परीक्षा घ्यावी, कडक घ्यावी. थायलंडात शिक्षकांच्या परवान्याचे काम पाहणारी संस्था आहे, तिचे नावच 'खुरुसभा', म्हणजे गुरुसभा. गुरुसभेने गुरूची परीक्षा पाहावी यात गैर काय? भाचीने ती कागदपत्रे पुरी केली, भाषेच्या परीक्षेचा दाखला दिला, दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता सरकारात नोंदवून येते. तिची तक्रार नाही. परीक्षा सर्वांची एकच असावी, एवढेच. जन्माने सुटका मिळालेला आणि परीक्षेला बसलेला, यांत परीक्षेला बसलेल्याचा पगार कमी, हा न्याय कोणता?

जे तरुण जाऊ पाहतात त्यांनाही दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. करारनामा आणि परवाना हाती आल्यावाचून, पर्यटकाच्या शिक्क्यावर कामाला जाऊ नका. त्यात फसगत होते आणि दाद मागावयास जागा राहत नाही. आणि जाण्याआधी त्या देशाची भाषा निदान चार महिने शिका. ज्याला शिकण्याची लाज वाटते त्याने शिकविण्याचा धंदा करू नये. लहान मुलांना हे ताबडतोब कळते.

आता माझी राहिलेली हकिगत. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी सायकल दुरुस्तीचे दुकान असलेला एक गृहस्थ आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या वर्गात आला. मी त्याला खुर्चीही दिली नाही, हे आता आठवते. मी विचारले, "घरात कोणी गाणारे आहे?" तो म्हणाला, "नाही जी, पण पोराला कान आहे. दुकानासमोरच्या देवळातली सगळी भजने म्हणतो." मी मुलाला एक सूर लावावयासही सांगितले नाही. मी म्हणालो, "घरात संगीत नसले की जड जाते. दिवाळीनंतर पाहू." तो बरे म्हणाला, मुलाचा हात धरून गेला, आणि दिवाळीनंतर आला नाही. माझ्या वर्गात तेव्हा जागा होती. फीचा प्रश्न नव्हता, त्याने तो काढलाही नव्हता. मी फक्त पारपत्र पाहिले होते. बँकॉकच्या त्या बाईने निदान अर्धा तास ऐकून तरी घेतले.

भाचीने आपल्या नकाराची गोष्ट मला प्रथम टेलिफोनवर सांगितली तेव्हा मला भयंकर संताप आला. त्या शाळेला पत्र लिहावे असे मनात आले, मजकूरही जुळविला. आणि तो जुळविताना त्या दहा वर्षांच्या मुलाचा चेहरा समोर आला. पत्र राहून गेले.

परवा भाचीने मला तिच्या शाळेतील एका समारंभाची छायाचित्रे दाखविली. थायलंडात शाळा सुरू झाल्यावर, बहुधा जूनमध्ये, एका गुरुवारी 'वाइ खरू' होते. 'खरू' म्हणजे गुरू आणि 'वाइ' म्हणजे हात जोडून केलेला नमस्कार. गुरुवारच का, असे तिने विचारले तेव्हा मुलांनी सांगितले की तो गुरूचा वार. त्यांच्या भाषेतील त्या वाराच्या नावात आपला बृहस्पती आहे. मुले गुडघ्यांवर चालत शिक्षकांपुढे येतात आणि फुलांचे तबक ठेवतात. त्या तबकात तीन गोष्टी हव्यातच: सुईसारख्या कळ्यांचे एक फूल, बुद्धी तशी तीक्ष्ण व्हावी म्हणून, वांग्याचे फूल, ते खाली वाकलेले असते म्हणून, आणि दूर्वा, तुडविली तरी पुन्हा पसरते म्हणून. आपल्याकडे जी दूर्वा गणपतीला वाहतात तीच. छायाचित्रात शिक्षकांची रांग बसली आहे. थाई शिक्षक आहेत, ते इंग्रज गृहस्थ आहेत, एक फिलिपिनो बाई आहेत आणि आमची भाची आहे. मुले सगळ्यांपुढे सारखीच वाकली आहेत. कोणाचे पारपत्र कोणत्या रंगाचे, हे त्या मुलांना ठाऊक नसावे.

ज्या गावात सांदीपनींच्या आश्रमात गवळ्यांत वाढलेला कृष्ण आणि दरिद्री सुदामा एका पंक्तीला बसून शिकले असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, त्या गावचा मी मास्तर. यात्रेकरूंना मी स्वतः अंकपाताची वाट दाखविली आहे.

तहसीलदारसाहेबांना त्या दिवशी मी एवढेच म्हणालो की एखादा थाई गृहस्थ ब्रज शिकून, दहा वर्षे तालीम घेऊन, ख्याल शिकवावयास आला तर पहिला मुलगा मी माझा पाठवीन. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही भाचीच्या प्रेमाने बोलता." असेल तसेही.

भाची गेल्या आठवड्यात परत गेली. तिच्या आईने बरोबर लसणाची चटणी आणि थालीपिठाची भाजणी दिली. ती गेल्यावर मी एक काम केले. माझ्या वर्गाच्या प्रवेश-अर्जात वडिलांच्या वेळेपासून एक रकाना आहे: 'घरात पूर्वी कोणी संगीत शिकले आहे काय?' येत्या गुरुपौर्णिमेपासून नवे अर्ज छापून येतील, त्यांत तो रकाना नसेल. त्याच्या जागी मुलाने आल्याबरोबर एक सूर लावावयाचा आहे. सायकलच्या दुकानाचीही मी चौकशी केली. तेथे आता मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे, आणि पूर्वीचे लोक कोठे गेले ते त्या नव्या दुकानदाराला सांगता आले नाही. समोरच्या देवळात संध्याकाळी भजन असते. एक-दोन गुरुवार जाऊन बसणार आहे.